लांडग्याच्या पोटातलं बदक

पडदा पडला, टाळ्या झाल्या, लांडगासुद्धा हसत हसत वाकून नमस्कार करून गेला. मी टीव्ही बंद करायला उठले, तेवढ्यात भाचीनं विचारलं, “मावशी, मग बदकाचं काय?”

“काय म्हणजे?”

“म्हणजे ते आतच राहिलं ना. पोटात. ओरडत होतं की.”

भाची आठ वर्षांची आहे. तिच्या शेजारी माझी आई मेथी निवडत बसली होती. तिनंही हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. रविवारची संध्याकाळ, बाहेर पाऊस, आणि मी मोठ्या हौसेनं जमवलेला तीन बॅलेंचा कार्यक्रम नुकताच संपलेला. ‘लहानथोर सगळ्यांनी मिळून बघावं असं’ म्हणून मीच निवडलेला. आणि मला उत्तर देता येईना.

मग मी मोठी माणसं देतात तसं उत्तर दिलं. म्हटलं, “अगं, ती बघ ना, शेवटी नमस्काराला आली होती की बदक झालेली ताई.”

भाची म्हणाली, “ताई आली. बदक नाही आलं.”

त्या एका वाक्यानं मला तिन्ही बॅले पुन्हा बघायला लावले.

हे तिन्ही लंडनच्या रॉयल बॅलेच्या खजिन्यातले. ‘ले पातिनर’, म्हणजे बर्फावर स्केटिंग करणारे. ‘टेल्स ऑफ बिॲट्रिक्स पॉटर’, म्हणजे पीटर रॅबिट लिहिणाऱ्या बाईंच्या गोष्टी. आणि ‘पीटर अँड द वुल्फ’. नाताळच्या दिवसांत काही वर्षी या कंपनीनं यातले दोन-दोन एकाच तिकिटात दाखवले आहेत. आजी-आजोबा, आई-बाबा आणि पोरंटोरं असा सगळा लवाजमा तिथे यावा, हा हेतू. आपल्याला लंडन लांब. म्हणून मी दोघांची रंगमंचावरची रेकॉर्डिंग आणि पॉटरचा चित्रपट असं गोळा केलं, मध्ये चहा आणि भजी ठेवली, आणि घरातच थिएटर केलं.

‘सहकुटुंब’ हा शब्द आपल्याकडे दोन ठिकाणी भेटतो. लग्नपत्रिकेत आणि नाटक-सिनेमाच्या जाहिरातीत. पत्रिकेत ते आमंत्रण असतं, जाहिरातीत ती हमी असते. हमी कसली? तर आत काही टोचणार नाही, घरी जाताना कुणी अवघड प्रश्न विचारणार नाही, याची. युरोपातल्या बॅले कंपन्यांच्या जाहिरातींतही हीच हमी असते, आणि तिच्या जोडीला आणखी एक आश्वासन: बॅले छोटे आहेत. मूल कंटाळायच्या आत संपतील.

इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते. छोटं असणं वेगळं आणि सोपं असणं वेगळं.

छोटा बॅले काही मुलांची सोय म्हणून जन्मला नाही. एकोणिसाव्या शतकातला मोठा बॅले तीन-चार अंकांचा, ‘स्वान लेक’सारखा, संध्याकाळभर चालणारा. १९०९मध्ये सर्गेई दियागिलेव्हनं रशियन नर्तक पॅरिसला नेले आणि एका संध्याकाळी तीन-चार एकांकी बॅले दाखवण्याची पद्धत युरोपात रुजवली. दीर्घ कादंबरीची सवय असलेल्यांच्या हातात कथासंग्रह यावा, तसं ते होतं. त्यातला एक बॅले १९११चा ‘पेत्रुश्का’. संगीत स्ट्राविन्स्कीचं, नृत्यरचना फोकीनची. जत्रेतला एक बाहुला भर गर्दीत मारला जातो. लोक हादरतात, तेव्हा खेळवाला ते धूड उचलून दाखवतो: घाबरू नका, आत नुसता भुसा आहे. लोकांचं समाधान होतं, ते पांगतात. आणि मग खेळाच्या तंबूवर पेत्रुश्काचं भूत उभं राहतं.

‘ताई आली होती की नमस्काराला’ म्हणणारी मी म्हणजे तो खेळवालाच होते.

आता पहिला बॅले. ‘ले पातिनर’ लावताना मला धाकधूक होती, कारण त्यात गोष्ट नाही. प्राणी नाहीत, राजकन्या नाही. एक गोठलेलं तळं, भोवती पांढऱ्या जाळीच्या कमानी, टांगलेले कंदील, आणि स्केटिंगला आलेली माणसं. बस. फ्रेडरिक ॲश्टननं हा १९३७मध्ये रचला. कंपनी तीच, फक्त तेव्हा तिचं नाव विक-वेल्स बॅले होतं. नेपथ्य आणि कपडे विल्यम चॅपेलचे. लांबी पंचवीस मिनिटांच्या आसपास.

संगीत मायरबीरच्या ऑपेरांमधून कॉन्स्टंट लँबर्टनं निवडून जुळवलं आहे. त्यातला एक ऑपेरा ‘ले प्रोफेत’. १८४९मध्ये तो पॅरिसला झाला तेव्हा त्यात स्केटिंगचा एक नाच होता, आणि नाचणाऱ्यांच्या पायांत खरोखरची चाकं होती, रोलर स्केट्स. ॲश्टननं ती चाकं काढून टाकली. त्याच्या नर्तकांच्या पायांत बॅलेचेच बूट आहेत आणि खाली साधा सपाट रंगमंच. बर्फ शरीरातून तयार करायचा. पाऊल उचलून टाकायचं नाही, सरकवायचं. हात पाठीशी धरायचे, धड किंचित पुढे झुकवायचं, वळणावर सगळा भार एका कुशीवर घ्यायचा. थांबतानाही एकदम थांबायचं नाही, जरासं पुढे घसरून मग थांबायचं.

दोन-तीन मिनिटांत भाचीनं विचारलं, “हे खरंच बर्फावर आहेत?”

“नाही.”

“मग घसरतायत कसे?”

ती टीव्हीच्या जवळ सरकली आणि पुढे तिनं फक्त पाय पाहिले. बॅले बघायला शिकण्यासाठी मी तिला याहून चांगलं काही सांगू शकले नसते. गोष्ट नसल्यामुळे तिला ‘आता काय होणार’ याची काळजी नव्हती. ‘हे कसं होतंय’ एवढंच पाहायचं होतं. मध्येच कुणीतरी धपकन बसतं. एक पांढऱ्या कपड्यांतलं जोडपं येतं, त्यांना भोवतालच्या गर्दीचं भानच नसतं. दोन मुली एका पायावर उभ्या राहून दुसरा पाय चाबकासारखा फिरवत गिरक्यांवर गिरक्या घेतात. आणि निळ्या कपड्यांतला एक मुलगा सगळ्यांपेक्षा उंच उड्या मारतो, जोडीदार नसताना. शेवटी बर्फ पडायला लागतो, सगळे निघून जातात, आणि तो एकटाच गिरक्या घेत राहतो. पडदा पडतो. पुन्हा वर जातो. तो अजून फिरतोच आहे.

ही शेवटची गिरकी तेवढीच कापून तुमच्या फोनवर रीलमध्ये आली, तर तुम्ही ‘भारी’ म्हणून अंगठ्यानं पुढे ढकलाल. पण आधीची चोवीस मिनिटं पाहिलेली असली की ती वेगळी दिसते. घसरण्याची, धडपडण्याची, दुसऱ्याचा हात धरण्याची एवढी दृश्यं आपण पाहिलेली असतात, की एकट्यानं न थांबता फिरत राहणारा तो मुलगा आनंदी आहे की एकटा पडलाय, हे नक्की सांगता येत नाही. आई म्हणाली, “घरी कुणी नसेल बाई याच्या.” भाची म्हणाली, “नाही, त्याला सगळा बर्फ मिळालाय.” दोघींचं बरोबर होतं. सहकुटुंब पाहणं म्हणजे हेच असावं, असं मला त्या क्षणी वाटलं. एकाच दृश्यातून दोन वयांना दोन गोष्टी मिळाल्या, आणि कुणीही दुसऱ्याला समजावून सांगितलं नाही.

आणखी एक. ज्या ऑपेरातून हे गोड संगीत उचललं, तो सोळाव्या शतकातल्या एका धर्मवेड्या बंडाची गोष्ट आहे आणि त्याच्या शेवटी राजवाडा स्फोटानं उडतो. स्केटिंगचा नाच हा त्या रक्तपातामधला विसावा होता. ॲश्टनच्या बॅलेत त्यातलं काहीही उरलेलं नाही, आणि उरावं असंही नाही. पण त्याचा हलकेपणा फुकटचा नाही. नर्तकांना तो घाम गाळून मिळवावा लागतो, आणि ते आपल्याला दिसतं.

मग दुसरा. ‘टेल्स ऑफ बिॲट्रिक्स पॉटर’. यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा होता, आणि तिघींपैकी कुणीतरी उठून गेलं ते याच वेळी. हा मुळात १९७१चा चित्रपट. दिग्दर्शक रेजिनाल्ड मिल्स, नृत्यरचना पुन्हा ॲश्टनची, संगीत जॉन लांचबेरीनं जुन्या सुरावटींवरून बांधलेलं. ॲश्टन १९८८मध्ये गेला. त्यानंतर १९९२मध्ये अँथनी डॉवेलनं तो रंगमंचावर आणला. उंदीर, बेडूक, डुकरं, बदक, कोल्हा, खारी. प्रत्येकाच्या डोक्यावर रोस्तिस्लाव दोबुझिन्स्कीनं केलेला संपूर्ण मुखवटा.

मुखवटे थक्क करणारे आहेत. पॉटरच्या चित्रांतले प्राणी उठून चालायला लागावेत तसे. पहिली दहा मिनिटं आमच्या घरात ‘तो बघ बेडूक, ती बघ उंदरीण’ असा जल्लोष होता. पण ओळखून झाल्यावर काय? नर्तकाची मान, खांदे, श्वास, नजर यांतून नाच निम्मा बोलतो. ते सगळं या मुखवट्यांत आणि अंगभर कपड्यांत बंद होतं. घाबरलेल्या बदकाचा आणि खूश असलेल्या बदकाचा चेहरा एकच.

आणि हे पॉटरच्या बाबतीत जास्त खटकतं, कारण या बाई गोड अजिबात नव्हत्या. पीटर रॅबिटच्या १९०२च्या पुस्तकात सुरुवातीलाच आई पिल्लांना सांगते, त्या बागेत जाऊ नका, तुमच्या बाबांचं तिथे पाय करून खाल्लं. हे ती बाजारात निघता निघता सांगते, भाजीच्या यादीच्या सुरात. १९०८च्या जेमिमा पडलडकच्या पुस्तकात कोल्हा बदकीणबाईंना कांदा आणि मसाल्याची पानं आणायला पाठवतो, आणि त्या बिचाऱ्या स्वतःच्याच पोटात भरायचा मसाला खुडून आणतात. वाचणाऱ्या मुलाला ते कळतं, बदकाला कळत नाही. त्या मधल्या जागेत पॉटरची सगळी ताकद आहे. चित्रपटात कोल्हा रुबाबदार आहे, नाचतोही छान, पण ती जागा मला सापडली नाही. जिचा चेहरा बदलूच शकत नाही, तिला काय कळलं आणि काय नाही, हे नाचातून दाखवणार कसं?

तरी यातलं सगळं टाकाऊ नाही. जेरेमी फिशर या बेडकाचा नाच पाहावाच. मायकेल कोलमनच्या लांब पायांना तिथे काही लपवायचं नाही, उड्या अगदी बेडकाच्या आणि तरीही बॅलेच्या. पिगलिंग ब्लँड आणि काळी पिग-विग यांचं युगुलनृत्य तर बॅलेनं बॅलेचीच केलेली थट्टा आहे: बाई डुकरीण आहेत आणि पायाच्या बोटांच्या टोकावर नाजूकपणे उभ्या आहेत. आणि मिसेस टिगी-विंकल, ती कपडे धुणारी हेजहॉग, स्वतः ॲश्टननं केली आहे, पासष्टीच्या आसपासच्या वयात. मुखवट्यातून चेहरा दिसत नाही, पण पावलं दिसतात. बारीक, नेमकी, जरा ठसक्याची. दिलीप प्रभावळकरांनी ‘अलबत्या गलबत्या’मध्ये चेटकीण केली, ती आठवली. पुरुषानं बाईचं काम करताना तिची टिंगल न करता तिचं वजन सांभाळायचं, ही गंमत दोन्हीकडे सारखी आहे. आणि चेटकिणीला पाहून जी मुलं किंचाळली, तीच ‘पुन्हा न्या’ म्हणून हट्ट धरत होती, हे आपल्याकडे बालनाट्याला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. भीती वाटली म्हणून मूल तुटत नाही. कंटाळलं की तुटतं.

कंटाळून उठून गेलं ते कोण, हे सांगायला हवं. भाची. आणि आई मात्र खुर्चीच्या टोकावर बसून, मेथी विसरून, खुदुखुदु हसत होती. तेव्हा माझं मत मी आमच्या घरातही सर्वमान्य म्हणून सांगू शकत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला नेणार असाल तर हे मुखवटे दार उघडून देतील, हेही खरं. पण दार उघडल्यावर आत दीड तास काय, हा प्रश्न उरतो. तीन बॅलेंमधला हाच सर्वांत ‘मुलांचा’ आणि हाच सर्वांत लांब.

तिसरा ‘पीटर अँड द वुल्फ’. मॉस्कोच्या सेंट्रल चिल्ड्रन्स थिएटरच्या नतालिया सात्स यांनी प्रोकोफिएव्हकडे मागणी केली, की मुलांना वाद्यवृंदातली वाद्यं ओळखता येतील असं काहीतरी करा. २ मे १९३६ रोजी ते पहिल्यांदा वाजलं. पीटर म्हणजे तंतुवाद्यं, चिमणी फ्लूट, मांजर क्लॅरिनेट, आजोबा बसून, लांडगा तीन हॉर्न. बदक म्हणजे ओबो. ओबो हे आपल्या सनईसारखं दुहेरी पत्तीचं वाद्य, त्यामुळे त्या आवाजातला अनुनासिक केविलवाणेपणा आपल्या कानांना लगेच ओळखू येतो.

यावर बॅले करणं अवघड आहे, हे पटकन लक्षात येत नाही. गोष्ट निवेदक सांगतोच आहे. तीच गोष्ट संगीतही सांगतंय. मग नाचानं तिसऱ्यांदा तेच का सांगायचं? ॲडॉल्फ बोल्मनं अमेरिकेत बॅले थिएटरसाठी १९४०मध्येच तो केला होता, आणि त्यानंतरही अनेकांनी हात घातला. मी पाहिलेली रचना मॅथ्यू हार्टची, १९९५मध्ये रॉयल बॅले स्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी केलेली, सजावट इयन स्परलिंगची. त्याचं उत्तर मला आवडलं: गोष्टीतली जागासुद्धा मुलांनाच नाचायला द्यायची. कुरण मुलं आहेत, तळं मुलं आहेत. त्यामुळे बदक पाण्यात उतरतं तेव्हा ते एका सजीव गोष्टीत उतरतं. आणि लांडगा येतो तेव्हा सगळी जागाच घाबरते. पॉटरच्या मुखवट्यांना जे जमलं नाही ते इथे बिनचेहऱ्याच्या तळ्याला जमतं, कारण त्याला शरीर आहे.

लांडगा बदकाला गिळतो. पुढे पीटर दोरीचा फास टाकून त्याला पकडतो, शिकारी येतात, मिरवणूक निघते, प्राणिसंग्रहालयाकडे. सगळा आनंदीआनंद. आणि अगदी शेवटी निवेदक सांगतो, की नीट ऐकलंत तर पोटातलं बदक ऐकू येईल. लांडग्यानं घाईत ते जिवंतच गिळलं होतं. ओबो हळूच वाजतो. संपलं.

डिस्नेनं १९४६च्या कार्टूनमध्ये हे बदललं. तिथे बदक लपून बसलेलं असतं आणि शेवटी सुखरूप बाहेर येतं. त्यामागची माया मला समजते. माझ्या ‘ताई आली की’मध्येही तीच होती. पण प्रोकोफिएव्हनं जे केलं त्याला क्रौर्य म्हणता येणार नाही, कारण त्यानं बदक मारलंही नाही आणि सोडवलंही नाही. त्याचा आवाज तेवढा चालू ठेवला. मिरवणुकीच्या ढोलताशात तो ज्याला ऐकायचा असेल त्यानं ऐकावा. मुलं ऐकतात. मोठी माणसं तोवर पिशवी आणि चपला शोधायला लागलेली असतात.

या गोष्टीची मागणी करणाऱ्या नतालिया सात्स यांना १९३७मध्ये अटक झाली आणि त्यांनी पुढची काही वर्षं छावण्यांत काढली. प्रोकोफिएव्हला १९३६मध्ये हे माहीत असणं शक्य नव्हतं, तेव्हा बदकाचा असा अर्थ लावणं अन्याय होईल. मी लावत नाही. पण त्या बाई परत आल्या, आणि १९६०च्या दशकात त्यांनी मॉस्कोत मुलांसाठी संगीत नाटकाचं थिएटर उभं केलं. मुलांचं करमणुकीचं काम ही किरकोळ गोष्ट आहे असं त्यांना तेवढं सगळं सोसूनही वाटलं नाही, एवढीच नोंद.

तर अशी संध्याकाळ निवडायची असेल तर ‘मुलांसाठी काय आहे’ हे विचारू नये. त्या प्रश्नाला मुखवटे आणि ससे असं उत्तर मिळतं. ‘घरी जाताना कोण काय विचारेल’ हे विचारावं. ज्या बॅलेनंतर कुणालाच काही विचारायचं नसतं, तो कितीही गोंडस असला तरी मुलांना कमी लेखतो. आणि छोटेपणाचा खरा फायदा इथे आहे: पंचवीस मिनिटांत मोठ्यांना समजावून सांगायला सवड मिळत नाही. प्रश्न प्रश्नाच्याच रूपात घरी येतो.

एक व्यवहाराची सूचनाही. फोन उभा धरून बॅले बघू नका, पाय नाहीतर हात कापले जातात. आडवा धरा, जमल्यास टीव्हीला जोडा. आणि तिन्ही एका दमात बघू नका. ‘ले पातिनर’ आणि ‘पीटर’ मिळून एक तासही होत नाही. तेवढे पुरे.

रात्री जेवणं झाल्यावर भाची मोजे घालून हॉलच्या फरशीवर गेली. हात पाठीशी, अंग पुढे. घसरली, आपटली, उठली, पुन्हा घसरली. आई ओरडली, “अगं पडशील!” ती म्हणाली, “पडायचंच असतं मध्ये.”

मग दिवे बंद झाले. मला वाटलं झोपली. आणि पांघरुणाच्या आतून, अगदी हळू, नाकातून काढलेला आवाज आला: क्वॅक.

मी म्हटलं, “कोण आहे आत?”

थोडा वेळ शांतता. मग पुन्हा: क्वॅक.